अकरा घरांचा स्वाध्याय

सन छत्तीस-सदतीसचा सुमार असेल. श्रावणात एक महाराज नाणेघाट उतरून खाली आले. त्यांना जायचं होतं शहापूरला, कुणा भक्ताकडे. पण नदीला पूर आला आणि महाराज धसईपासून तासाभराच्या वाटेवर एका वाडीत अडकले. अकरा घरांची वाडी, मधोमध मारुतीचं देऊळ. तिथे ते तीन दिवस राहिले. अडकलेल्या माणसाला बोलण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो, त्यामुळे महाराज बोलले, आणि पावसात शेतावर काही काम नव्हतं म्हणून वाडीनेही ऐकून घेतलं.

योगाच्या वाटेला लागायचं तर तप हवं, स्वाध्याय हवा आणि ईश्वराला शरण जाणं हवं, असं महाराज म्हणाले. तप म्हणजे देहाला कष्ट. ते नुकतीच महिनाभर चिखलात वाकून लावणी केली तेव्हा सगळ्यांचं झालंच होतं. ईश्वराला शरण जायचं काम गुरवाकडे होतं, त्यासाठीच तर वाडी त्याला दर वर्षी भात घालायची. राहता राहिला स्वाध्याय.

"स्वाध्याय म्हणजे पवित्र ग्रंथ वाचायचे," महाराज म्हणाले, "आणि ग्रंथासारखंच स्वतःलाही वाचायचं. रोज बसायचं, माझ्यात काय काय आहे ते बघायचं. खोट दिसली तर लपवायची नाही."

ग्रंथांचं जमण्यासारखं नव्हतं. वाडीत पोथी एकच, ती देवजीबाबाच्या माळ्यावर. तिचा पुढचा अर्धा भाग वाळवीने केव्हाच संपवला होता आणि मागचा अर्धा वाचील असं माणूस वाडीत नव्हतं. म्हणजे उरलं ते स्वतःला वाचणं. पाणी ओसरलं, महाराज निघून गेले आणि वाडी देवळात विचार करत बसली.

देवजीबाबा सगळ्यांत वडील. तो बराच वेळ तंबाखू मळत होता. मग बोलला, "एकट्यानं आपली लावनी तरी व्हते का रे?"

"नाय," सगळे बोलले.

"मग एकट्यानं येवढा मोठा स्वाध्याय कसा व्हनार?"

हे कुणालाही पटण्यासारखं होतं. लावणीची तिथली रीतच अशी की आज सगळी वाडी मिळून एकाच्या भाताच्या खाचरात उतरायची, उद्या दुसऱ्याच्या. पाणी वरून खाली येतं म्हणून सुरुवात सगळ्यांत वरच्या खाचरापासून. ज्याचं शेत त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, आणि त्याच्या घरची बाई त्या दिवशी चिखलात न उतरता घरी राहून रांधायची. बापजाद्यांपासून असंच चालत आलेलं. तेव्हा स्वाध्यायही तसाच करायचा ठरला. रोज दुपारी एका घरी सगळ्यांनी जमायचं आणि त्या घरधन्याचा स्वतःचा अभ्यास सगळ्यांनी मिळून करून द्यायचा. महाराज शहापूरच्या वाटेवर होते म्हणून बरं, नाहीतर त्यांना तिथेच घेरी आली असती.

हा ठराव ऐकून धाकलू सगळ्यांच्या आधी देवळातून उठून घरी गेला.

धाकलू म्हणजे ओढ्याकाठच्या शेवटच्या घरचा. चाळिशी ओलांडलेला, बारीक चणीचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचं खाचर सगळ्यांत खाली, म्हणून लावणीत त्याचा नंबर अकरावा. म्हणजे स्वाध्यायातही अकरावा. तोवर दहा दिवस त्याला झोप लागणं शक्य नव्हतं, कारण धाकलूच्या पोटात तीन पापं होती. चार वर्षांपूर्वी त्याने कोंडूच्या आणि आपल्या खाचरामधला बांध एक वीत पलीकडे सरकवला होता. दुसरं, देवजीबाबाचा दारातला कापा फणस रातोरात गेला होता, तो धाकलूने नेला होता. आणि तिसरं सगळ्यांत वाईट. आपण नुसत्या काठीने बिबट्या हाकलला असं त्याने सगळ्या वाडीला सांगितलं होतं. तो बिबट्या नव्हता, देवजीबाबाचं वासरू होतं.

"गोजर गो," तो बायकोला म्हणाला, "माझ्या दिवशी कोन काय बोलंल?"

"बोलतील तसं बोलतील," गोजर म्हणाली आणि गवत आणायला निघून गेली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण गोजर कधी फार बोलायची नाही. निदान धाकलूचा तरी तसा समज होता.

पहिला दिवस देवजीबाबाचा. म्हाताऱ्याला त्याच्याच ओटीवर बसून त्याच्या तोंडावर कोण बोलणार? शेवटी भागीरथी उठली. ही विधवा बाई स्वतःची शेती स्वतः करायची आणि नांगराच्या बैलांपासून पाटलापर्यंत सगळ्यांशी एकाच आवाजात बोलायची. "बाबा, तुमी ऐकू येत नाय असं सोंग करता. कामाचं बोललं की बहिरे, जेवायला बोलवलं की लगेच ऐकू येतं." देवजीबाबाने कानाला हात लावला आणि "काय बोलली?" असं विचारलं. वाडी जी हसली ती थांबेचना. पाणी वाहतं झालं.

मग काय विचारता! रोज दुपारी माणसं सांडग्या मिरच्या तोंडी लावून वालाचं बिरडं नि भाकरी हाणायची आणि ढेकर देऊन दुसऱ्याच्या आत्म्याला हात घालायची. भागीरथीच्या दिवशी तिच्याबद्दल बोलायला रांग लागली, आणि तीच मधूनमधून "ह्याच्यापेक्षा मोठं एक राहिलं" म्हणून आठवण करून देत होती. पण खरा गाजला तो कोंडू. कोंडू म्हणजे धाकलूचा शेजारी, पोट सुटलेला, गडगडाटी हसणारा. त्याचा अभ्यास एका दिवसात आटपेना म्हणून दुसरा दिवस घ्यावा लागला. तो श्रावणात चोरून सुकट भाजतो आणि वास कळू नये म्हणून ऊद जाळतो. तो बैल मागून नेतो आणि परत देताना बैलालाच दोष देतो. सोयरिकीला गेला तर नवरी बघायच्या आधी स्वयंपाक बघतो. कोंडू भिंतीला टेकून, डोळे मिटून, कीर्तन ऐकावं तसा ऐकत होता आणि मान हलवत होता.

देवजीबाबाने दबक्या आवाजात विचारलं, "आणि माझा फणस?"

"तो पन मीच खाल्ला आसंल," कोंडू उदार होऊन म्हणाला. "आठवत नाय, पन मीच."

कोपऱ्यात बसलेल्या धाकलूच्या जिवात जीव आला. एक पाप तर वाटेतच उतरलं.

कोंडूची कीर्ती मग बाजारापर्यंत गेली. पुढच्या बाजाराला धसईत माणसं एकमेकांना विचारत होती, "तो कोंडू कोनता रे, दोन दिवसवाला?" कोंडू छाती काढून वांग्याचा भाव करत होता.

अकराव्या दिवसाच्या जागी बारावा उजाडला. धाकलूचा दिवस. गोजर पहाटेपासून चुलीपुढे होती. धाकलूने तीनदा अंघोळ केली, दोनदा मारुतीला जाऊन आला. माणसं आली, जेवली, सुपारी कातरून झाली. धाकलू भिंतीला पाठ लावून, हात मांडीवर ठेवून बसला.

"हां," देवजीबाबा म्हणाला. "बोला."

कुणी बोलेना. धाकलूला वाटलं, भीड पडली असेल. मग वाटलं, एवढं मोठं आहे की सुरुवात कुठून करावी ते त्यांना कळत नसेल. कोंडू पायाचा काटा काढत होता. भागीरथी छपराकडे बघत होती.

"धाकलू ना," शेवटी ती म्हणाली, "धाकलू बरा हाय."

"बराच हाय," कोंडू म्हणाला.

"त्याचं काय नाय," तिसरा कुणी म्हणाला.

पागोळ्या तेवढ्या पडत होत्या. देवजीबाबाने जरा वेळ वाट पाहिली, मग गुडघ्यावर हात टेकून उठला. "बिरडं झकास झालं," असं आत बघून ओरडला आणि सगळी वाडी त्याच्या मागोमाग निघाली. ज्या कामाला कोंडूचे दोन दिवस गेले ते धाकलूच्या घरी सुपारी चघळून व्हायच्या आत उरकलं.

धाकलूला आधी हायसं वाटलं. हे हायसं वाटणं संध्याकाळच्या दूध काढण्यापर्यंत टिकलं. मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तो उभाच राहिला. चाळीस वर्षं या माणसांत काढली, यांच्या चिखलात वाकलो, यांच्या लग्नांत नाचलो, आणि माझं "काय नाय"? बैलाचीसुद्धा कुणी खोड सांगतं! धाकलूला भयंकर अपमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तडक कोंडूकडे गेला. "कोंडू, तुझा आमचा बांध हाय ना, तो मी सरकवलाय. एक वीत."

कोंडू पोट धरून हसला. "तू? अरे खेकड्यांनी पोखरून सरकला तो. तू काय बांध सरकवतोस!"

"मीच सरकवला!"

"बरं बरं. घरी जा, ऊन लागंल."

ऊन कुठून लागणार? आभाळ भरून आलं होतं. धाकलू देवजीबाबाकडे गेला आणि फणसाचं सांगितलं. देवजीबाबाने कानाला हात लावला. तीनदा ओरडून सांगितल्यावर म्हणाला, "फणस कोंडूचा झाला. त्याच्या दिवशी बोलून झालाय. आता तुला कुठून देऊ?" वासराचं सांगायला धाकलूने तोंड उघडलं, पण ते वासरूच समोर उभं होतं आणि आता त्याचा चांगला थोराड बैल झाला होता. त्याच्या देखत धाकलूने ते पुन्हा मिटलं.

जुनी पापं चालत नाहीत तर नवी करू, असं धाकलूने ठरवलं. त्याने आपली म्हैस देवजीबाबाच्या काकडीच्या मांडवात सोडली. म्हशीने काकड्यांना तोंड लावलं नाही, खालचं गवत तेवढं साफ केलं, आणि देवजीबाबा स्वतः तिला परत आणून बांधताना म्हणाला, "धाकलूसारखा शेजारी मिळाया नशीब लागतं." दोन दिवसांनी धाकलू भागीरथीच्या दारात जाऊन उभा राहिला. वाटेत घोकून ठेवलेली शिवी त्याने एका दमात दिली. भागीरथी सूप टाकून धावत आली, त्याच्या कपाळाला हात लावला, "अगो बाय, तापानं बडबडतोय!" म्हणाली आणि त्याला धरून बसवून गवती चहा नि आल्याचा तिखट काढा पाजला. वर दुपारी पुन्हा एक वाटी घेऊन घरी आली.

काढ्याची ती दुसरी वाटी पोटात गेल्यावर धाकलू खचला. तो ओटीवर गुडघ्यात डोकं घालून बसला. गोजर समोर पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत होती.

"मी मेलो तरी कोनाला कळंल का गो?" तो म्हणाला. "मला कोन वळखतच नाय. माझ्यात बोलन्यासारखं कायच नाय."

गोजरने पानात काडी खोचली. "मला कोनी विचारलं?"

"तुला?"

"मी त्या दिवशी रांधत व्हते. ज्याचं शेत त्याची बाई रांधते. आतून ऐकत व्हते, नि हसत व्हते." तिने पत्रावळ खाली ठेवली. "बांध तुमीच सरकवलात. पहाटे सरकवलात, नि माती उघडी ठेवून घरी येऊन झोपलात. त्याच्यावर गवताची ढेकळं मी नेऊन बसवली, म्हनून कोंडूभाऊंना खेकडा वाटला."

धाकलूने डोकं वर काढलं.

"फणस आनलात तो अर्धा तुमी खाल्लात नि अर्धा म्हशीला घातलात. मला एक गरा नाय. आठळ्या राखेत पुरल्यात, त्या मी उकडून खाल्ल्या. बिबट्याच्या दिवशी तुमी मागल्या दारानं आलात, दाराला आडना घातलात नि भाताच्या कनगीच्या मागं बसलात. वासरू हंबरलं तवा कुठं बाहेर आलात. रोज चहा पिताना पोळलो बोलता नि रोज फुंकर न घालता पिता. म्हशीला 'बाय माझी' बोलता, मला 'ए' बोलता. देवाला फूल वाहताना आधी वास घेता—"

"थांब!" धाकलू उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उजळला होता. "थांब, एक शब्द पन बोलू नको! हे सगळ्यांच्या म्होरं सांगायचं!"

आणि तो चिखल तुडवत धावत सुटला. घराघराच्या दारात जाऊन ओरडला, "चला! माझे दोष निघाले!" घरात बारसं असल्यागत तो बोलवत होता. पाव घटकेत सगळी वाडी पुन्हा त्याच्या ओटीवर जमली. देवजीबाबा म्हणाला की एकदा लावलेलं खाचर पुन्हा लावत नाहीत, पण भागीरथीने त्याला गप्प केलं. "जिथं रोप धरत नाय तिथं पुन्हा लावतातच की!"

गोजर आधी लाजली. पण मग बोलू लागली ती दिवे लावायच्या वेळेपर्यंत थांबली नाही. बावीस वर्षांचं होतं, आणि एकही गोष्ट विसरली नव्हती. कनगीमागचा धाकलू ऐकताना माणसं लोळली. वासरू असताना त्याला बघून हा दडला म्हटल्यावर देवजीबाबाच्या बैलाचा वाडीत भाव वाढला. बांधाचं आलं तेव्हा कोंडू ताडकन उठला, "एक वीत! अरे चोरा! चार वरसं मी खेकडे मारतोय!" आणि त्याने धाकलूच्या सात पिढ्या काढल्या. धाकलूच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या मायेने त्याच्याशी कधी कुणी भांडलं नव्हतं. फणसही कोंडूच्या नावावरून उतरला आणि त्याच्या नावावर चढला. तेव्हा तर कोंडूचं तोंड अगदी उतरलं.

"झालं," देवजीबाबा समाधानाने म्हणाला. "वाडीचा स्वाध्याय पुरा झाला."

"कुठं पुरा झाला?" भागीरथी म्हणाली. "जिनं येवढं रांधलं तिचा दिवस कुठाय? आज तर ती रांधत नाय. बस गो गोजर भिंतीला. धाकलू, तू बोल. तुझ्यापरास तिला कोन वळखतं?"

"बोलतो की!" धाकलू अजून तारेतच होता. त्याने मांडी ठोकली, घसा साफ केला. "गोजर म्हंजे..."

सगळे कान देऊन बसले.

"गोजर म्हंजे... बिरडं चांगलं करते."

"तो काय दोष झाला? खोड सांग!"

धाकलूने गोजरकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसली होती. तिची एखादी खोड. एखादा हट्ट. कशाला भिते, कशाला चिडते. ती चहा पिते का? त्याला ते आठवेना. पीत असेल. कपातून की वाटीतून? रोज सकाळी ती समोर असते, पण तेव्हा तो चहाने पोळत असतो. आपल्याला वाडी "काय नाय" म्हणाली म्हणून आपण चार दिवस रुसलो, आणि हिच्याबद्दल तेच दोन शब्द आपल्या जिभेवर आले आहेत, हे त्याला कळलं आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली. ते शब्द त्याने गिळले.

"गोजर बरी हाय," कोंडू मदतीला धावला.

"तू गप," भागीरथी म्हणाली. आणि मग तीच उठली, पदर खोचला, बाकीच्यांना हाताने उठवलं. "चला रे. ह्याचं रोप आजून तयार नाय."

माणसं गेली. गोजर आत गेली आणि चुलीवर भाताचं भांडं ठेवलं. जरा वेळाने धाकलू आत आला आणि चुलीजवळ पाटावर बसला. तो कधी तिथे बसायचा नाही.

"काय पायजे?"

"काय नाय. बघतो."

"बघून काय करनार?"

धाकलू बघत राहिला. जाळ वर आला तेव्हा तिच्या मनगटावर आतल्या अंगाला कातडी आवळलेली दिसली, बोटभर लांब.

"हे कवाचं गो?"

"लग्नाच्या दुसऱ्या वरसाचं. पेज उतरवताना सांडली."

"मी घरात नव्हतो?"

"व्हतात की. पेज सांडली म्हनून मलाच बोलत व्हतात."

"मग मघाशी समद्यांच्या म्होरं हे का नाय सांगितलंस? येवढं सगळं सांगितलंस."

"ते हसायचं नव्हतं," गोजर म्हणाली.

भाताला उकळी आली, झाकण हलू लागलं. "फडकं द्या तेवढं," तिने मागे न बघता हात पुढे केला. धाकलू चटकन उठला. त्याने खुंटीवर पाहिलं, कोनाड्यात पाहिलं, उतरंडीच्या मागे हात घातला. बावीस वर्षं त्या घरात राहून ते फडकं कुठे असतं ते त्याला माहीत नव्हतं. गोजर हात तसाच पुढे करून थांबली, आणि धाकलू शोधत राहिला.